रेडिओ खोली भंगारात काढायच्या आधी: शाळेच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह व कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

संस्थेचं नाव वर मुद्दाम घातलेलं नाही. पत्र कुणाला आहे हे आपल्याला लगेच कळेल, आणि बेळगावात ज्याला कळायचं त्यालाही कळेल. भांडण नावाशी नाही, ठरावाशी आहे.

ठराव असा, की मागच्या इमारतीतली रेडिओ खोली रिकामी करून तिथं स्मार्ट क्लास करायचा. खोलीतलं साहित्य 'वापरात नसलेल्या वस्तू' म्हणून भंगारात द्यायचं. त्याच्या बदल्यात जिन्याच्या भिंतीवर 'रेडिओचा इतिहास' नावाचा फ्लेक्स लावायचा. फ्लेक्स लागलासुद्धा. साहित्य अजून जागेवर आहे म्हणून हे पत्र घाईनं लिहितोय. आधी रीतसर अर्ज दिला होता. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. तेव्हा आता चारचौघांत बोलणं आलं.

माझा या खोलीशी संबंध काय, ते आधी सांगतो. मी तार खात्यातून निवृत्त झालेला माणूस. उभी नोकरी मोर्सवर, म्हणजे टिंबं आणि रेघांच्या तारेच्या लिपीवर गेली. देशातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, त्याआधीच मी घरी बसलो होतो. खोलीतला पितळी साउंडर, म्हणजे आलेली तार टकटक वाजवून ऐकवणारं यंत्र, आणि त्याच्या शेजारची मोर्सची की, म्हणजे तार पाठवायची कळ, माझी आहे. साउंडरच्या मागं बिस्किटाचा पत्र्याचा डबा लावलाय तो कचरा नव्हे. त्यानं आवाज मोठा होतो, आणि गोंगाटात तार घेणारे आम्ही सगळेच असले उद्योग करत असू. व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, मोठा रिसीव्हर एका निवृत्त सुभेदारांनी दिला, ते आता हयात नाहीत. काचेच्या नळीत लोखंडाचा कीस भरून केलेला कोहिरर, म्हणजे रेडिओची लहर आली हे ओळखणारं जुन्या काळचं साधन, मुलांनी स्वतः केलाय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सातवी-आठवीतली दहा-बारा पोरं तिथं थांबतात. 'वापरात नसलेल्या वस्तू' हे शब्द लिहिण्याआधी एखाद्या शनिवारी कुणी डोकावलं असतं तर बरं झालं असतं.

आता फ्लेक्स. त्यावरचं पहिलंच वाक्य चुकीचं आहे: 1901 साली मार्कोनींनी अटलांटिकपार भाषण प्रसारित केलं म्हणे. भाषण कुठलं हो! 12 डिसेंबर 1901 रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरच्या पोल्डू केंद्रातून फक्त तीन टिंबं सुटत होती, मोर्समधलं एस हे अक्षर, पुन्हा पुन्हा. मार्कोनी सुमारे 3,500 किलोमीटर पलीकडे आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर कानाला इअरफोन लावून बसले होते. एरियल कशाचं, तर पतंगाला बांधून वर चढवलेल्या तारेचं. पोल्डूला आधी वीस उंच खांबांचं कडं उभं केलं होतं, ते सप्टेंबरच्या वादळात भुईसपाट झालं. मग दोन खांबांमध्ये पंख्यासारख्या तारा ताणून काम भागवलं. ती टिंबं मार्कोनींना खरंच ऐकू आली की नुसतीच खरखर होती, यावर जाणकार आजही वाद घालतात. ही सगळी गंमत मुलांना सांगायची सोडून आपण भिंतीवर एक चुकीचं वाक्य टांगलं.

आणि भाषण का शक्य नव्हतं, हेच तर शिकवण्यासारखं आहे. पोल्डूचं यंत्र ठिणगीचं होतं. प्रत्येक ठिणगीबरोबर लहर उसळते आणि विरून जाते. ताशावर टिपरी पडावी तसं. माणसाचा आवाज वाहून न्यायला सनईसारखा अखंड सूर लागतो. तो सूर काढणारं यंत्र कुणी आणि कसं केलं, त्याचा फ्लेक्सवर मागमूस नाही. त्याच्याकडे पुढे येतोच.

जगदीशचंद्र बोस फ्लेक्सवर नाहीत. पारा आणि लोखंडाच्या कोहिररबद्दलचा त्यांचा निबंध 1899 साली रॉयल सोसायटीपुढे आला, आणि सिग्नल हिलवर मार्कोनींनी वापरलेला कोहिरर त्याच जातीचा होता. तो थेट बोसांच्या कामावरून आला का, हा वाद आहे, तो वाद म्हणून सांगा. पण नावच गाळायचं?

तिसरी गोष्ट मला जास्त लागली. फ्लेक्सप्रमाणे भारतात रेडिओ उगवला तो 1936 साली, ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं तेव्हा. मुंबईचं प्रसारण केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं होतं. आणि त्याच वर्षी आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातल्या पुणे जिल्ह्यातून थेट इंग्लंडशी बिनतारी तारा सुरू झाल्या होत्या. पाठवायचं खडकीहून, ऐकायचं दौंडला. तिकडे इंग्लंडातही तसंच, पाठवणारं केंद्र ग्रिम्सबीजवळ आणि घेणारं स्केगनेसजवळ. पाठवणं आणि ऐकणं इतकं लांब लांब का? कारण आपल्याच यंत्राच्या दणक्यात सातासमुद्रापलीकडून आलेला बारीक आवाज बुडून जातो. खडकी-दौंडला वापरलेली बीम पद्धत म्हणजे लघुलहरी (शॉर्टवेव्ह) एका दिशेनं झोताप्रमाणे सोडायच्या. तिचे प्रयोग 1923-24 मध्ये फ्रँकलिन या मार्कोनींच्या इंजिनिअरनं केले ते त्याच पोल्डूवरून. म्हणजे तीन टिंबांच्या केंद्राचा धागा थेट खडकीपर्यंत येतो. बेळगावहून मुंबईला जाणारी गाडी खडकीवरून जाते, गोवा एक्सप्रेसनं दिल्लीला निघालं की दौंड लागतं. आपली मुलं या स्टेशनांवरचा चहा पितात आणि इथून कधीकाळी लंडनशी बोलणं चालायचं हे त्यांना कुणी सांगत नाही.

खडकी-दौंडची सेवा इतकी स्वस्त आणि वेगवान निघाली, की समुद्राखालच्या केबलवाल्या कंपन्यांचं धाबं दणाणलं. शेवटी 1929 मध्ये केबल आणि बिनतारी दोन्ही धंदे इंग्लंडात एका छत्राखाली आणावे लागले. स्वातंत्र्याच्या वर्षी आपल्याकडची ही सेवा सरकारनं ताब्यात घेतली, तिचं ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झालं आणि 1986 मध्ये विदेश संचार निगम. माझ्या पिढीनं परदेशी ट्रंक कॉल लावले ते याच वंशावळीतून.

अजून जवळचं सांगू? कॅसलरॉक. लोंढ्याच्या पलीकडचं, पावसात भिजलेलं एवढंसं स्टेशन. गोवा मुक्तीच्या लढ्यात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 1955 पासून 1961 पर्यंत आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या जंगलात दडून पोर्तुगीज आणि कोंकणीतून गुप्त रेडिओ चालवला. ते काही दूर पल्ल्याचं केंद्र नव्हतं, हे मला कळतं. पण आपल्या मुलांच्या घरापासून दोन-अडीच तासांवरची गोष्ट आहे, आणि फ्लेक्सवर न्यूयॉर्कच्या स्टुडिओचा रंगीत फोटो आहे!

फ्लेक्स फक्त इंग्रजीत आहे, याबद्दल फार लिहीत नाही. शाळा मराठी माध्यमाची, गाव कर्नाटकात. मराठी हवं, कन्नड हवं. दोन्ही भाषा जाणणारे शिक्षक आपल्याकडे आहेत, छपाईआधी त्यांना विचारायचं होतं.

पण फ्लेक्स काय, पाच-सात हजारांत दुसरा होईल. माझी खरी तक्रार खोलीची आहे, आणि त्यासाठी मला तुम्हाला स्वीडनला न्यावं लागेल.

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर वारबर्ग गावाजवळ ग्रिमेटन नावाचं खेडं आहे. पहिल्या महायुद्धात स्वीडनला एक धडा मिळाला. अमेरिकेशी बोलायचं तर समुद्राखालच्या केबल दुसऱ्यांच्या हातात. घरटी कुणी ना कुणी अमेरिकेला गेलेला देश तो. म्हणून 1920 साली त्यांच्या संसदेनं स्वतःचं बिनतारी केंद्र बांधायचं ठरवलं. ते 1924 च्या डिसेंबरात चालू झालं आणि 2 जुलै 1925 ला राजे पाचवे गुस्ताव यांनी त्याचं उद्घाटन केलं. प्रत्येकी 127 मीटर उंचीचे सहा पोलादी मनोरे, एका ओळीत. प्रत्येकाच्या डोक्यावर 46 मीटरचा आडवा हात. त्यांच्यावरून सुमारे दोन किलोमीटर लांब ताणलेल्या तारा.

आत जे यंत्र आहे ते अर्न्स्ट अलेक्झांडरसन यांचं. स्वीडनमध्ये 1878 साली जन्मलेला हा इंजिनिअर 1901 मध्ये अमेरिकेला गेला आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये लागला. अखंड सुराचं यंत्र म्हणालो ते हे. यात व्हॉल्व्ह नाही, ट्रान्झिस्टर तर नाहीच. हे सरळ एक जनित्र आहे, आपल्या धरणावर असतं तसंच, फक्त भलतंच वेगवान. मधे 1.6 मीटर व्यासाची पोलादी तबकडी, तिच्या कडेला 488 खाचा, आणि ती मिनिटाला 2115 फेरे घेते. मुलांना मी हे फळ्यावर करायला लावलं: 2115 गुणिले 488, भागिले 60. उत्तर येतं 17,202. म्हणजे सेकंदाला सतरा हजारांवर कंपनं, 17.2 किलोहर्ट्झ. इतका मोठा इतिहास आठवीच्या गणितात बसतो. त्या तबकडीची कड ताशी सहाशे किलोमीटरहून जास्त वेगानं पळत असते, आणि तिच्या दोन्ही अंगांना गुंडाळ्या एखाद्या मिलिमीटरच्या अंतरावर असतात. वेग जरा घसरला की लहर हलली. लहरीची लांबी साधारण साडेसतरा किलोमीटर, म्हणजे बेळगावातून निघून खानापूरची निम्म्याहून जास्त वाट.

आता मुद्द्याची गोष्ट. हे यंत्र उद्घाटन झालं तेव्हाच जुनं व्हायला लागलं होतं! लघुलहरी आणि व्हॉल्व्ह आले, तेच खडकी-दौंडवाले. कमी विजेत, लहान एरियलवर तेच काम होऊ लागलं. अमेरिकेत, वेल्समध्ये, पोलंडमध्ये, हवाईत असली यंत्रं होती, ती एकेक करून गेली. ग्रिमेटनमध्येही दोन होती, त्यातलं एक मोडीत निघालं. दुसरं टिकलं. त्याला आधी दुसऱ्या महायुद्धानं हात दिला. नंतर पाणबुड्यांनी, कारण इतकी लांब लहर समुद्राच्या पाण्यात थोडी खोल उतरते. आपल्या नौदलाचं तमिळनाडूतल्या तिरुनेलवेली जिल्ह्यातलं केंद्र त्याच तत्त्वावर चालतं. पुढं 1990 च्या दशकात पाणबुड्यांचंही काम संपलं. तेव्हा तिथंही एखाद्या कार्यकारिणीत 'वापरात नसलेल्या वस्तू' असं कुणीतरी म्हटलंच असेल. पण ते यंत्र चालवता येणारी माणसं हयात होती, आसपासचे हौशी लोक त्यांना येऊन मिळाले, त्यांनी मंडळ काढलं, आणि जुन्यांनी नव्यांना शिकवलं. 2004 मध्ये ग्रिमेटन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. आजही जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला एका रविवारी आणि नाताळच्या आदल्या दिवशी ते यंत्र फिरवलं जातं, एसएक्यू या हाकेच्या खुणेनं मोर्समध्ये संदेश जातो. अलेक्झांडरसन जातीचं, अजून हवेत बोलणारं जगातलं हे एकच यंत्र.

गोथेनबर्गला नोकरीला असलेला माझा पुतण्या एकदा ते बघून आला. तो सांगत होता, की यंत्र सुरू करणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. आधी थंड पाणी खेळवायचं, मग वेग हळूहळू वर न्यायचा, काट्यांवर नजर ठेवायची, आणि हे सगळं करणाऱ्यांत पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्यांबरोबर कॉलेजातली पोरंही होती. पोल्डूला मात्र आज गेलात तर समुद्राकाठी एक स्मारक आणि जोत्यांचे अवशेष भेटतील. केंद्र 1930 च्या दशकात बंद झालं आणि पाडलं गेलं. नाव पोल्डूचं मोठं, पण मुलाला हाताला धरून न्यावं असं यंत्र उरलंय ते ग्रिमेटनला.

आमच्या खोलीत काय चालतं ते आता सांगतो, म्हणजे स्वीडनचा हा फेरा कशासाठी होता ते कळेल. 17.2 किलोहर्ट्झ ही कंपनसंख्या इतकी खालची आहे, की ती टिपायला वेगळा रेडिओ लागत नाही. लॅपटॉपच्या माइकच्या भोकाला तारेचं मोठं वेटोळं जोडलं तरी चालतं. मुलांनी गणपतीच्या मखरातल्या उरलेल्या लाकडी पट्ट्यांची चौकट केली, तिच्यावर मोटर वाइंडिंगवाल्याकडून मागून आणलेली तांब्याची तार गुंडाळली. जुलैतल्या त्या रविवारी भर पावसात आम्ही बसलो. लॅपटॉपवर आधी सगळा विजेचा गुणगुणाटच. तेवढ्यात हेस्कॉमची लाईट गेली आणि स्क्रीन एकदम स्वच्छ झाला. लाईट गेल्याचा आनंद झालेले बेळगावातले आम्ही पहिलेच असू. ग्रिमेटन सापडलं नाही. "सर, ह्येच्यात काय बी येईना की," म्हणून एकजण कुरकुरला. पण थोड्या वरच्या कंपनसंख्येवर तिरुनेलवेलीच्या नौदल केंद्राचा पट्टा ठसठशीत दिसला, आणि मधूनमधून उभ्या रेघा येत होत्या, त्या कुठल्यातरी दूरच्या ढगांतल्या विजांच्या. मग तोच कुरकुरणारा तासभर हलेना. हे स्मार्ट क्लासच्या पडद्यावर दाखवता येईल, हो. करून बघता येणार नाही.

सभेत एका सन्माननीय सदस्यांनी विचारलं म्हणे, की मोबाईलच्या जमान्यात हे कट्ट-कडकट्ट कशाला. प्रश्न रास्त आहे. मुलांच्या खिशातला मोबाईलही अखंड लहरीवरच चालतो, आणि तसली लहर स्वतःच्या हातानं टिपून बघण्याची दुसरी सोय आपल्या शाळेत नाही, एवढंच माझं उत्तर आहे. जागेची अडचण आहे, मान्य. उंदरांनी वायरी कुरतडल्यात, तेही मान्य. पण दुसरा मजला दोन वर्षं कुलपात आहे आणि तिथं लग्नसराईच्या खुर्च्या रचून ठेवल्यात, हेही आपण मान्य करावं. स्मार्ट क्लासला माझा विरोध नाही. तो खुर्च्यांच्या जागी करा.

माझ्या मागण्या लांबलचक नाहीत. भंगाराचा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत स्थगित ठेवा, आणि तो विषय सभेपुढे माजी विद्यार्थी व पालकांना बोलू देऊन घ्या. तोवर खोलीतली एकही वस्तू हलवू नका. साहित्याची यादी करा, कोणती वस्तू कुणी दिली ते तिच्यापुढे लिहा. ही यादी करायला मी आणि दोन माजी विद्यार्थी फुकट येऊ, आपला एक शिपाई किल्ली घेऊन आला की झालं. फ्लेक्स उतरवा, मजकूर दुरुस्त करून मराठी आणि कन्नड दोन्हीत लावा, आणि खडकी, दौंड, कॅसलरॉक त्यात येऊ द्या. मजकूर मी लिहून देतो, आपल्या विज्ञान शिक्षकांनी तो तपासावा. आणि शनिवारचा वर्ग वेळापत्रकात घ्या. आज तो माझ्या मर्जीवर चालतो. मी उद्या गुडघ्यानं बसलो की तो बंद, आणि मग खरोखरच त्या वस्तू वापरात नसतील. एखाद्या तरुण शिक्षकाला माझ्याबरोबर बसवा, वर्षभरात तो माझ्यापेक्षा चांगलं शिकवेल.

इतकं करूनही खोली रिकामी करायचीच ठरली, तर दिलेल्या वस्तू देणाऱ्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना परत करा. सुभेदारांच्या घरच्यांशी मी बोललोय, ते न्यायला तयार आहेत.

उत्तर लेखी हवं. कार्यालयात माझा पत्ता आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तारमास्तर, बेळगाव

ता. क. भंगारवाला या पत्राच्या आधी पोचलाच, तर त्याला एवढं नक्की सांगा: व्हॉल्व्हच्या रिसीव्हरची पिन काढलेली असली तरी आतल्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. मागचं झाकण उघडून कुणी हात घालू नये.